लग्नाच्या तारखेचा रकाना

आमच्या डोंगरात बायका नवऱ्याला अहो म्हणत नाहीत, म्हणून मी इथंही त्याला 'तो'च लिहिणार आहे. जव्हारच्या कचेरीतल्या हेडक्लार्कांची बायको एकदा मला म्हणाली होती, "बाई, तुम्ही शिकलेल्या. निदान चारचौघांत तरी अहो म्हणत जा." मी दोन दिवस म्हणून पाहिलं. दोन्ही दिवस त्याला वाटलं की मी रागावले आहे. मग सोडून दिलं.

एका वर्षी आमच्या घरात तो अविवाहित होता आणि मी विवाहित होते. संसार एक, मुलगी एक, सरकारी कागद मात्र दोन. आज सांगताना लोक हसतात आणि मीही हसू देते.

मी पोशेऱ्याची. शाळेसाठी जव्हारला मावशीकडे राहिले, फायनल पास झाले आणि पोशेऱ्याजवळच्याच एका पाड्यावरच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. एका खोलीत चार इयत्ता आणि शिकवायला मी एकटी. तो जामसरचा, संस्थानच्या दरबारी कचेरीत नकलनवीस. त्याचं मोडी अक्षर इतकं सुरेख होतं की लोक अर्जापेक्षा अक्षरच जास्त वेळ बघत बसत. जामसरची चार म्हातारी माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली, बोलणं झालं, बापाने दारूचा घडा मधे ठेवला, तो संपला आणि चौथ्या दिवशी मी त्या माणसांबरोबर डोंगर उतरून जामसरला गेले. त्या दिवसापासून मी त्याची बायको.

लग्न मात्र लागायचं राहिलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे समजवायला मला नेहमी वेळ लागतो. आमच्यात बाई घरात आली की ती बायको झाली. लग्न लावणं हे वेगळं काम. त्याला गावजेवणाइतका तांदूळ लागतो, मांडव लागतो आणि धवलेरी लागते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गाणं म्हणून लग्न लावते, भटजी नसतो. तांदूळ जमेपर्यंत लोक थांबतात. कोणी दोन वर्षं थांबतं, कोणी दहा. त्याच्या आईबापांचं लग्न लागलं तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि त्याने स्वतः पंगतीत पाणी वाढलं होतं. हे तो कचेरीतही मोकळेपणाने सांगायचा. त्यात लपवण्यासारखं काही असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पण मला लग्न हवं होतं. हळद, बाशिंग, वाजंत्री यांचं मला फार नव्हतं. लहानपणी कुठंही लग्न असलं की मी धवलेरीच्या मांडीला मांडी लावून बसायची. ती गाण्यात नवरीचं नाव घेते, मग नवऱ्याचं, आणि पुन्हा पुन्हा घेत राहते. ती नावं जन्मभर एका जागी राहायची म्हणूनच ती घेत असावी, असं मला तेव्हा वाटायचं. माझं नाव तिच्या तोंडून ऐकायचं, एवढंच मला पाहिजे होतं. त्याला हे माहीत होतं. जव्हारच्या बाजारातून त्याने एक हळदी रंगाचं लुगडं आणून ठेवलं होतं, ते माझ्या ट्रंकेत तळाशी होतं. जामसरच्या घरात त्याने एक कणगीही वेगळी केली होती. दर सुगीला तिच्यात थोडं थोडं लग्नाचं भात पडायचं.

पण दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. पहिल्या वर्षी सासरा गेला. मग राज्य विलीन झालं आणि आम्ही जागचे न हलता ठाणे जिल्ह्यात गेलो. दरबारच्या माणसांना घेणार की काढणार हे कळेपर्यंत पगार लटकला आणि कणगीतलंच भात खावं लागलं. मग मुलगी झाली. मग एक मुलगा झाला, तो अकरा दिवसांचा होऊन गेला. त्यानंतर दोन वर्षं लग्नाचा विषय कोणी काढला नाही. कणगी पुन्हा भरायला घेतली तेव्हा मुलगी पाच वर्षांची झाली होती.

विलीनीकरणानंतर कचेरी तीच राहिली, पण मोडीची दप्तरं लाल फडक्यात बांधून माळ्यावर गेली आणि इंग्रजी छापील फॉर्म आले. त्याचं सुरेख अक्षर कोणाच्या कामाचं उरलं नाही. त्याने रात्रशाळेतल्या पोरासारखी इंग्रजी मुळाक्षरं गिरवली. हेडक्लार्क ठाण्याहून आले होते, माणूस सज्जन होता, रागावला तरी आवाज चढवत नसे. पुढे काही वर्षांनी प्राप्तिकराचा नवा नियम आला. लग्न झालेल्या नोकरदाराला सूट जास्त, एकट्याला कमी. त्याचा पगार नेमका मधे अडकत होता. विवाहित असला तर काही कापायचं नव्हतं, अविवाहित असला तर दर महिन्याला थोडं कापायचं होतं.

हेडक्लार्कांनी एकेकाला टेबलाशी बोलावून विचारलं. त्याला विचारलं, "लग्न झालंय?"

तो म्हणाला, "नाही साहेब. लागायचं आहे."

"मग अविवाहित," असं म्हणून त्यांनी रकाना दाखवला आणि त्याने तिथं इंग्रजी अक्षरांत सावकाश लिहिलं. बाजूला आमच्याच डोंगरातला पट्टेवाला उभा होता. त्यालाही यात काही चुकलं असं वाटलं नाही. आमच्यापैकी कोणीही हेच उत्तर दिलं असतं. हेडक्लार्कांना विचारायचं होतं की घरी बायको आहे का. त्याने ऐकलं की लग्न लागलं का. दोघांनीही एकच शब्द वापरला, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

त्याने मला हे सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. पगारातून काहीतरी नवं कापायला लागलेत, एवढं बोलला.

विलीनीकरणानंतर माझं नवं सेवापुस्तक झालं तेव्हाच मी त्यात विवाहित लिहिलं होतं आणि पती म्हणून त्याचं नाव घातलं होतं. मला कोणी काही विचारलंच नव्हतं. शाळाखात्याच्या तपासनिसाने माझ्या कडेवरची मुलगी बघितली होती आणि वही पुढे सरकवली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी बदलीचा अर्ज केला. तो जव्हारला, मी मुलीला घेऊन डोंगरात शाळेच्या पाड्यावर, भेट शनिवारी, तीही कधी लॉरी मिळाली तर, नाहीतर पायी. मुलगी शाळेत घालायची झाली होती. पती जव्हार कचेरीत आहेत, तरी मला जव्हारच्या शाळेत नेमावं, असं मी लिहिलं. शाळाखात्याने रीतसर कचेरीला पत्र घातलं, हा तुमचा कारकून या बाईंचा पती आहे काय?

आषाढातला शनिवार होता. तो भिजून आला, छत्री ओट्यावर उघडी ठेवली आणि आत न येता तिथंच बसला. मी सुपात नागली पाखडत होते.

"शाळाखात्याचा पत्र आलाय," तो म्हणाला. "साहेब इचारीत होता, ही बाई तुमची कोण."

"मंग तू काय बोललास?"

"बायको."

"मंग झाला तर."

"नाय झाला. मी कागदावर अविवाहित लिवलाय."

मी सूप खाली ठेवलं नाही. पाखडत राहिले. नागली स्वच्छ झाली होती तरी पाखडत राहिले. त्याने सगळं सांगितलं, टॅक्स, रकाना, साहेबांचा प्रश्न. साहेब म्हणाले होते की दोघांपैकी एकाने सरकारला खोटं सांगितलंय. महिनाअखेरपर्यंत एकाने दुरुस्ती करून द्यावी, नाहीतर त्यांना तसं उत्तर लिहावं लागेल. त्याने लग्नाची तारीख घालून विवाहित लिहून दिलं तर प्रश्न मिटला. नाहीतर माझ्या सेवापुस्तकात खोडायचं. आणि अविवाहित मास्तरीण, पदरात मुलगी, म्हणजे चौकशी आणि मग नोकरी नाही. हे त्याने सांगितलं नाही, मला कळतच होतं.

मला राग यायला हवा होता. वाट बघितली, आला नाही. रडूही आलं नाही. पाय बराच वेळ दुमडून बसलं की जसा तो आपला वाटेनासा होतो, तसं मला माझं सगळंच वाटायला लागलं. मुलगी येऊन त्याच्या पाठीवर चढली आणि तो तिला हसवत होता. मी बघत होते. आठ वर्षं मी याच्या घरची आणि याने स्वतःच्या हाताने लिहिलंय की याला कोणी नाही. त्याचा अर्थ तसा नव्हता हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चल, धवलेरीला इचारू. लगीनच लावू."

धवलेरी आवणीला गेली होती. चिखलात वाकून ती भाताची रोपं लावत होती आणि आम्ही बांधावर उभे. तिने पाठ सरळ केली नाही.

"लगीन? आता? पावसात?"

"कचेरीला पाहिजे," तो म्हणाला.

"कचेरी जेवाया येल का?"

बाजूच्या बायका हसल्या. तोही हसला. मी हसले नाही. तेव्हा ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमी नवरा-बायको हायतच. नाय तं ही पोर कोणाची? लगीन लावाचा राहला, इतकाच. सुगी होऊ द्या, लावू." आणि पुन्हा वाकता वाकता म्हणाली, "पन मी हाय तवर लावा. माजा गळा जायाला लागलाय."

परतताना मी भाताचा हिशोब करत होते. आषाढात कोणाच्या घरात गावजेवणाचं भात असतं? आमच्या कणगीतही नव्हतं, सुगीला पुरं झालं असतं. सुगी कार्तिकात आणि कागद महिनाअखेरला.

त्या दुपारी मी शाळेची खोली उघडली. रविवार होता, कौलांतून थेंब पडत होते. टेबलावर मुलांचं रजिस्टर होतं. त्याच्याजवळ साहेबांनी दिलेला कोरा फॉर्म होता, घामाने आणि पावसाने मऊ पडलेला. त्यात लग्नाच्या तारखेचा एक रकाना होता.

मी म्हटलं, "तारीख घाल आणि मोकळा हो."

"कोणती?"

मी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे सरकवलं. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. आईबाप मुलाला घेऊन येतात, तारीख माहीत नसते. आवणीच्या वक्ताला झाला म्हणतात, नाहीतर त्या साली मोठं वादळ आलं म्हणतात. मास्तरने तरी किती शोधायचं? दात बघायचे, उंची बघायची, साल ठरवायचं आणि एक जून टाकायचा. सगळेच मास्तर टाकायचे. माझ्या हाताने निम्मा डोंगर एक जूनला जन्मला होता.

"त्यांना म्हाईत नाय म्हनून तू देतेस," तो म्हणाला. "आपल्याला म्हाईत हाय का लागला नाय."

"मंग माजी नोकरी जाऊ दे."

त्याने रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. आयुष्यात त्याने कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. दरबारात नकलनवीस असताना मूळ कागदातली चूकही तशीच उतरवायची, आपण सुधारायची नाही, हे त्याच्या हाडात गेलं होतं. मग तो जे बोलला ते मला आजही त्याच्या आवाजात ऐकू येतं.

"कागदावर लावला तं खरा कवा लावाचा? मंग घाई कोनाला राहील?"

मी म्हटलं, "सुगीला लावू. मी कुटं पलून चाललेय?"

तो काही केल्या हात लावेना. शेवटी मी दौत ओढली आणि फॉर्म मीच भरला. विवाहित. पत्नीचे नाव, माझं. लग्नाची तारीख, एक जून. साल मी जामसरला आले त्याचं. मुलांना देताना मी विचार करत नसे, स्वतःला देतानाही केला नाही. हाताला सवय होती.

त्याने वाचलं आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी उमटलं. "जूनमदी? पावसात कोनी लगीन लावता का?"

"ठाण्याच्या मानसाला काय कलणार."

त्याने सही केली. सही करताना त्याने नेहमीसारखा झोक दिला नाही, नुसतं नाव लिहिलं. मला ते दिसलं आणि मी टीपकागद दाबला.

साहेबांनी फॉर्म बघितला, "असं आधीच लिहायचं नाही का हो?" म्हणाले आणि शाळाखात्याला होय म्हणून कळवलं. कर कापायचा थांबला. मार्गशीर्षात माझी बदली झाली आणि आम्ही जव्हारला एका खोलीत राहायला लागलो. मला हवं होतं ते सगळं मिळालं. मी पाणी भरत होते, शाळेत जात होते, मुलीच्या वेण्या घालत होते. शेजारीण म्हणायची, बाई अबोल आहेत. मी अबोल कधीच नव्हते.

सुगी झाली. जामसरची कणगी भरली. त्याने विषय काढला नाही. त्याने काढावा म्हणून मी थांबले. तारीख हिनेच दिली, आता मी काय विचारायचं, असं त्याच्या मनात असावं. मी कधी विचारलं नाही म्हणून खात्रीने सांगता येत नाही. माघात त्याच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, भात कमी पडत होतं आणि कणगी उघडली. मी स्वतः तांदूळ निवडले. धवलेरीचा गळा बसला होता पण तिने भावाचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचं घेतलं, आणि मधेच थांबून माझ्याकडे बघून भुवई वर केली. मी मान फिरवली. दोन वर्षांनी ती वारली.

दर वर्षी तो कचेरीतला कराचा फॉर्म घरी आणून भरायचा. पहिल्या वर्षी लग्नाच्या तारखेसाठी मी भरलेल्या फॉर्मची नक्कल समोर ठेवून, अक्षर अक्षर बघून उतरवलं. दुसऱ्या वर्षीही बघितलं. त्यानंतर त्याला पाठ झालं.

मुलगी वाढली, शिकली, तिचंही ठरलं. आमच्या दोघांच्याही पगारात आता तांदूळ विकत घेता येत होते, त्यामुळे तिला थांबावं लागलं नाही. लग्न जामसरलाच, मांडव जामसरच्या अंगणात. आमच्यात एक रीत आहे. आईबापांचं राहिलेलं असलं तर आधी त्यांचं लागतं, मग त्याच मांडवात मुलीचं. त्यात कोणाला लाज नसते, उलट लोकांना गंमत वाटते. आदल्या दिवशी मी ट्रंकेतलं हळदी लुगडं काढून उन्हात घातलं. घड्यांवर रंग उडाला होता. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सकाळी अंघोळ करून तेच नेसले आणि मांडवात जाऊन बसले. लहानपणी बसायची तशी, धवलेरीच्या अगदी जवळ.

नवी धवलेरी तरुण होती, जुनीची सून. तिने तांदूळ हातात घेतले आणि सुरुवात करण्याआधी विचारायचं ते विचारलं. "पोरीच्या आयबापाचा लागलाय का?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता, पांढरी टोपी, हातात खर्चाची यादी. क्षणभरही थांबला नाही.

"लागलाय," तो म्हणाला. "एक जूनला."

तो खोटं बोलत नव्हता. ज्या माणसाने कधी खोटं लिहिलं नाही त्याच्या आवाजात तो बोलला. अठरा-वीस वर्षं स्वतःच्या हाताने लिहून लिहून त्याला ते खरं झालं होतं. जूनमध्ये म्हटल्यावर मागे एक म्हातारी पुटपुटली, पण जव्हारला लावलं असेल असं समजून तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

धवलेरी माझ्याकडे वळली. तिने माझं लुगडं बघितलं. "व्हय का, बाय?"

रजिस्टरमधली पोरं मोठी होऊन त्या मांडवात बसली होती, एक जूनला जन्मलेली सगळी. त्यांच्यापैकी कोणीही कधी येऊन मला विचारलं नव्हतं की बाई, ही तारीख खरी का.

"व्हय," मी म्हटलं. अक्षर माझंच होतं.